झेंडोत म्हणजे झेनच्या ध्यानगृहात पहिल्यांदा जाताय? मांडीची घमेंड चपलांबरोबर बाहेर ठेवा

टोक्योतल्या निशिकसाईला राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली, इथे नवीन येणाऱ्या आपल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, इंडियन ग्रोसरी कुठे मिळते, घरासाठी एजंट कोण, मुलांच्या शाळेचं काय, आणि मग सहा-आठ महिन्यांनी सगळं मार्गी लागलं की कोणीतरी हळूच विचारतं, तू ते रविवारी सकाळी देवळात ध्यानाला जातेस ना, आम्ही आलो तर चालेल का गं? चालेल की. पण दर वेळी ट्रेनमध्ये तेच तेच सांगून माझा घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी जाते ते झेन बौद्धांमधल्या सोतो पंथाचं एक छोटं देऊळ आहे. नाव देत नाही, कारण पुढे ज्या फजित्या सांगणारे त्या सगळ्या माझ्या आहेत, देवळाला उगाच कशाला त्यात ओढा. तिथल्या मुख्य भिक्षूंना ओशो-सान म्हणतात. हा जपानीतला साधा आदराचा शब्द आहे, कोरेगाव पार्क डोक्यातून काढा.

पहिल्या दिवशी मी सॉलिड कॉन्फिडन्सने गेले होते. एक तर इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेलं, दुसरं म्हणजे मांडी घालून जेवण्यात बालपण गेलेलं, या जपानी ऑफिसवाल्यांना काय जमणार आपल्यासारखं बसायला. माझ्या शेजारी सत्तरी पार केलेल्या एक आजी होत्या. बसल्या त्या बसल्या, चाळीस मिनिटं पदरसुद्धा हलला नसता त्यांचा, पदर असता तर. आणि माझं विसाव्या मिनिटाला उजव्या पायाचं अस्तित्व संपलं.

कारण साधं आहे पण मला कोणी सांगितलं नव्हतं. आपली जेवायची मांडी असते ना त्यात गुडघे हवेत राहतात आणि कंबर मागे गोल होते, जेवणापुरतं ते चालतं. झाझेनला, म्हणजे झेनच्या बसून करायच्या ध्यानाला, दोन्ही गुडघे आणि बूड असे तीन टेकू जमिनीला लागले पाहिजेत, त्यासाठीच ती झाफू नावाची गोल जाड उशी असते. तिच्यावर अख्खं बसायचं नाही, पुढच्या अर्ध्या भागावर टेकायचं म्हणजे कंबर आपोआप पुढे कलते आणि गुडघे खाली जातात. पद्मासन किंवा अर्धपद्मासन जमत असेल तर उत्तम, नसेल तर वज्रासनासारखं बसून झाफू मध्ये घ्या, आणि गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे झालं असेल तर आधी सांगा, खुर्ची देतात, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. जाण्याआधी दोन आठवडे घरी रोज पंधरा मिनिटं उशीच्या टोकावर बसून बघा, या अख्ख्या लेखातलं एवढं केलंत तरी बाकीचं निम्मं सोपं होईल.

कपड्यांचं पटकन सांगते. गडद रंगाचे, ढगळ, गुडघे झाकणारे. जीन्स नको, परफ्यूम नको, मोजे आत काढायचे. घड्याळ काढा. आणि बायकांनो, बांगड्या! मी हातात दोन काचेच्या घालून गेले होते, नमस्काराला हात जोडले की किण्ण, हात सोडले की किण्ण, त्या शांततेत ते देवळातल्या घंटेसारखं वाजत होतं. आता ट्रेनमध्येच काढून पर्समध्ये टाकते.

वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, नवीन असाल तर अर्धा तास. दारातच ‘हाजिमेते देस’ म्हणजे पहिल्यांदाच आलोय असं सांगितलं की कोणीतरी बाजूला घेऊन दाखवतं. चपला काढून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. बाहेर एक लाकडी फळी टांगलेली असते, तिला हान म्हणतात, तिच्यावर हातोडी पडायला लागली की बोलणं बंद. उशीर झाला आणि आत बसायला सुरुवात झाली असेल तर सरळ आत घुसू नका, बाहेरच थांबा, मधल्या ब्रेकमध्ये घेतात आत.

आता आत शिरणं. सोतोमध्ये दाराच्या डाव्या कडेने, डावा पाय आधी. हात लोंबकळत ठेवायचे नाहीत, डाव्या हाताची मूठ, अंगठा आत, ती छातीशी धरून वरून उजवा तळवा, याला शाशु म्हणतात आणि चालताना कायम हेच. आत मधोमध मोंजु बोसात्सुची मूर्ती असते, म्हणजे आपला मंजुश्री बोधिसत्त्व, त्याला हात जोडून वाकायचं (हे गाश्शो), आणि मूर्तीच्या समोरून आडवं जायचं नाही. मग आपल्या जागेपाशी जाऊन जागेकडे तोंड करून एकदा वाकायचं, तेव्हा डावी-उजवीकडचे लोक पण वाकतात, मग उजवीकडून गोल वळून समोरच्या रांगेला एकदा, मग बसायचं आणि परत उजवीकडूनच वळून भिंतीकडे तोंड. वाचताना भयंकर वाटतंय ना? प्रत्यक्षात एक ट्रिक आहे, नजर खाली ठेवा आणि पुढच्याचे पाय बघा. तो थांबला की थांबा, वाकला की वाका. मी पहिले तीन महिने एका काकांच्या टाचा बघूनच सगळं शिकले, त्यांचा चेहरा नीट बघितला तो चौथ्या महिन्यात.

मोठ्या देवळातल्या खऱ्या ध्यानगृहात बसायला लाकडी उंच ओटा असतो, तान म्हणतात, त्यावर तातामी म्हणजे गवती चटई. भिक्षूंना तिथे माणशी एकच तातामी, त्याच्यावरच बसणं, जेवणं आणि झोपणं. त्या ओट्याची लाकडी कड असते तिच्यावर जेवणाचे वाडगे मांडतात, म्हणून कडेवर पाय द्यायचा नाही, बूडही टेकायचं नाही, हातांवर भार देऊन मागे सरकायचं. हे मला एका फटक्यात समजलं, कारण आमची आजी पाटाला पाय लागला तरी पाटाच्या पाया पडायला लावायची.

बसल्यावर आधी कमरेतून डावीकडे-उजवीकडे झुलायचं, मोठे झोके घेत घेत लहान करत मध्यावर थांबायचं. उजवा तळवा खाली, त्यावर डावा, अंगठ्यांची टोकं जेमतेम चिकटलेली. जीभ टाळूला. घंटा तीनदा वाजली की झाझेन सुरू, त्यानंतर हालचाल नाही. विपश्यनावाल्यांसाठी खास सूचना, डोळे मिटायचे नाहीत! अर्धवट उघडे, नजर साधारण मीटरभर पुढे खाली टाकलेली. जपानमध्ये सोतो पंथ सुरू करणारे दोगेन १२२७ मध्ये चीनहून परत आले आणि बसायचं कसं ते लिहून ठेवलं, त्यात डोळे उघडे ठेवा असं सरळ आहे. मी सवयीने मिटायचे आणि दहा मिनिटांत पेंगायचे. आणि इथे शरीरभर संवेदना बघत फिरायचं नसतं, श्वास मोजा म्हणतात, नंतर तेही सोडा म्हणतात. मी ओशो-सानना विचारलं होतं की मग नेमकं करायचं काय, ते म्हणाले बसायचं. तेव्हा राग आला होता, आता तेवढा येत नाही.

नाक खाजलं तर? पहिल्यांदा जाऊ द्या, बऱ्याचदा जातं आपोआप. पाय खरंच सहन होत नसेल तर आमच्याकडे आधी गाश्शो करायचं, हळूच पाय बदलायचा, परत गाश्शो. सुस्कारे नकोत, मान मोडायचा आवाज तर अजिबात नको, तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आता माझा सगळ्यात फेमस किस्सा. मधे एक जण चपटी लाकडी काठी घेऊन सगळ्यांच्या पाठीमागून सावकाश फिरतो, ती क्योसाकु. पेंग येत असेल किंवा मन फारच भटकत असेल तर तो मागे आल्यावर आपण हात जोडायचे, ही आपली विनंती, मग तो उजव्या खांद्याला काठी हलकेच टेकवतो, आपण मान डावीकडे कलवायची आणि फट्ट. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मागे पावलं थांबल्यासारखी वाटली, साधू महाराज उभेत म्हणून मी आपल्या संस्कारांप्रमाणे भक्तिभावाने हात जोडले. खांद्यावर काहीतरी टेकलं, मला वाटलं आशीर्वाद. पुढच्या सेकंदाला जो आवाज झाला त्याने माझी झोप, भूक, ऑफिसचं टेन्शन सगळं उडालं. लागत फार नाही, आवाजच मोठा. फटका मिळाला की परत हात जोडून वाकायचं, मी तेही केलं नाही, नुसती भिंतीकडे बघत बसले. तेव्हा लक्षात ठेवा, मार नको असेल तर हात मांडीवरच ठेवा.

चाळीस मिनिटांनी घंटा दोनदा वाजली की किनहिन, म्हणजे चालत करायचं ध्यान, आपल्याकडचं चंक्रमण. शाशु धरून एका श्वासाला अर्धं पाऊल, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सगळे बंद पडलेत. पण त्याआधीचा क्षण महत्त्वाचा. घंटा झाली म्हणून ताडकन उठू नका. आधी लहानापासून मोठे झोके, मग पाय हाताने सोडवा, मुंग्या जाऊ द्या, झाफू दाबून परत गोल करा आणि मग उठा. एकदा रांग निघाली म्हणून मी घाईने उठले, डावा पाय घोट्यातून दुमडला आणि मी थेट त्या आजींच्या झाफूवर. कोणी हसलं नाही, वळूनही बघितलं नाही, हे जास्त वाईट. आजींनी फक्त माझं कोपर धरलं आणि पाय रांगेत येईपर्यंत सोडलं नाही. रांग थांबून राहिली होती आमच्यासाठी.

हे सगळं सोतोचं झालं. कामाकुराला एंगाकुजीसारख्या रिंझाई म्हणजे झेनच्याच दुसऱ्या पंथाच्या देवळात गेलात तर तिथे भिंतीकडे पाठ आणि तोंड एकमेकांकडे, काठी दोन्ही खांद्यांवर, आणि चालणं चांगलं भराभर. आमच्याकडे असं नसतं हे वाक्य तिथे म्हणू नका. सोतोचं मोठं देऊळ बघायचं असेल तर योकोहामाच्या त्सुरुमीचं सोजीजी आपल्याला जवळ. मूळचं नोतोचं, १८९८ च्या आगीनंतर १९११ मध्ये इकडे आलं.

झाझेननंतर हान्न्या शिंग्यो म्हणतात, प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. हातात जपानी पोथी देतात, मला त्यातली कांजी म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं वाचता येईनात, लाकडी ढोलकीच्या ठेक्यावर सगळे एका सुरात चाललेले आणि मी ओठ हलवतेय. शेवटाला आले, ग्यातेइ ग्यातेइ, हारा ग्यातेइ, हारा सो ग्यातेइ, बोजी सोवाका. आणि डोक्यात ट्यूब पेटली, गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा! अंगावर काटाच आला. झेन हा शब्दच ध्यानवरून आलाय, चीनमध्ये चान झाला, इथे झेन, हे माहीत होतं मला, पण कानाने ऐकणं वेगळं.

सेश्शिनला म्हणजे निवासी शिबिराला पहिल्या वर्षात जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, विशेषतः डिसेंबरच्या १ ते ८ तारखेच्या रोहात्सुला. मी तीन दिवसांच्या एका छोट्या सेश्शिनला गेले आणि मला ध्यानाने नाही, जेवणाने घाम फोडला. ओर्योकी म्हणजे एकात एक बसणारे वाडगे फडक्यात बांधलेले, ते सोडायचे, मांडायचे, वाढून घ्यायचे, खायचे, धुवायचे आणि परत बांधायचे, सगळं ठरलेल्या क्रमाने, आवाज न करता. जेवणाआधी पाठ म्हणतात, आपलं वदनी कवळ घेता समजा, आणि दुपारी चार शितं बाजूला काढून ठेवतात, अगदी चित्राहुतीसारखी. वाढणारा समोर आला की पुरे झालं की हाताने खूण करायची, मी खूण विसरले आणि तांदळाच्या पेजेने वाडगा काठोकाठ भरला. टाकायचं नसतं. वेगही सगळ्यांबरोबर ठेवायचा असतो. मुळ्याच्या लोणच्याची एक चकती शेवटपर्यंत राखून ठेवायची, गरम पाणी आलं की तिने वाडगा आतून पुसायचा, चकती खायची, पाणी पिऊन टाकायचं. मी चकती पहिल्याच घासाला खाऊन बसले होते. शेजारच्या बाईने नजर न उचलता स्वतःच्या दोनातली एक माझ्या वाडग्यात टाकली.

आणि हो, बोलणं नाही म्हणजे हॉलमध्येच नाही असं नव्हे, न्हाणीघर आणि संडास इथेही गप्पच. संडासच्या स्लिपर वेगळ्या असतात, त्या घालून हॉलपर्यंत आलेले महाभाग मी पाहिलेत, एकदा आरशात.

रविवारच्या बैठकीची दक्षिणा पाकिटात घालून न्या, किती ते आधी देवळाच्या साइटवर बघा, सुटे घेऊन दारात मोजत बसू नका. संपल्यावर बहुतेक ठिकाणी चहा आणि काहीतरी गोड देतात, तेव्हा बोलता येतं, प्रश्न तेव्हा विचारा. मिठाई आल्या आल्या तोंडात टाकू नका, सगळ्यांना मिळून गाश्शो झालं की मग. आणि तिचा कागद चुरगाळून खिशात घाला, तिथे डस्टबिन नसतो, मी पहिल्या दिवशी तो मुठीत धरून सगळीकडे फिरले होते.