अंबाडीचा वाख काढताना या चुका टाळा

बांधावरची अंबाडी पावसाळाभर भाजीला खुडायची आणि दिवाळीच्या सुमारास त्याच काड्यांचा वाख, म्हणजे सालीतला धागा, काढायला जायचं, इथेच पहिली चूक होते. शेंडा खुडला की झाड फांद्या फोडतं आणि लांब, सलग वाख मिळत नाही. वाखासाठी दोन-चार ओळी वेगळ्या, दाट पेरा आणि सरळ वाढू द्या. फुलं येऊन खालची बोंडं धरू लागली की कापा. बोंडं वाळेपर्यंत थांबलात तर बुडाकडची साल इतकी राठ होते की नीट सुटत नाही. कापल्यावर पेंढ्या दोन-तीन दिवस शेतातच ठेवा, पाला गळून जातो.

आता पाणी. साल सुटावी म्हणून पेंढ्या पाण्यात भिजत ठेवतात, पण काडी पाण्यात नुसती मऊ होत नसते. सालीतले धागे ज्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेले असतात, तो पाण्यातले जिवाणू खातात, म्हणून वाख सुटतो. जिवाणूच जगले नाहीत तर कितीही भिजवा, काही होत नाही. एका वर्षी मी द्राक्षबागेतला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) कालवायचा २०० लिटरचा ड्रम दोनदा विसळून त्यात पेंढ्या बुडवल्या. १८ दिवसांनी बघतो तर पाणी नितळ, वास नाही, बुडबुडा नाही आणि साल काडीला घट्ट. ड्रमच्या आत निळसर थर होता, तो दिसूनही मी मनावर घेतला नव्हता. मोरचूद बुरशीला मारतं तसं जिवाणूंनाही मारतं. फवारणीचा कुठलाच ड्रम यासाठी घेऊ नका. गंजकं लोखंडी पिंपही नको, वाख काळा पडतो. पेंढ्यांवर वजन ठेवायला स्वच्छ धुतलेले दगड घ्या. चिखलाची ढेकळं आणि केळीचे खांब यांनीही रंग जातो.

शेततळ्यात तर मुळीच भिजवू नका. काडीच्या टोकाने तळ्यातला प्लास्टिकचा कागद फाटतो, कुजलेली साल ठिबकच्या नळ्यांत जाऊन बसते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, त्यामुळे मासे सोडले असतील तर तेही मरतात. नदीनाला आणि पिण्याची विहीर यांचं तर नावच नको. जुन्या पडक्या विहिरीत भिजवून मग काड्या काढायला आत उतरणं जिवावर बेतू शकतं, कुजण्यातून विषारी वायू तयार होतो. सिमेंटचा उघडा हौद सगळ्यात बरा. पाणी काड्यांच्या वजनाच्या वीसपट तरी हवं आणि पेंढ्यांवर चार बोटं पाणी राहिलं पाहिजे. तरंगणारा भाग हिरवाच राहतो.

बूड जाड असतं, शेंडा कोवळा. दोन्ही एकदम आडवे बुडवले की बूड तयार होईपर्यंत शेंड्याचा वाख सडून जातो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पेंढ्या हातभर पाण्यात बुडावर उभ्या ठेवा, मग आडव्या करा.

सगळ्यात जास्त वाख वाया जातो तो दिवस मोजण्याच्या सवयीने. कोमट पाण्यात दोन आठवड्यांत होणारं काम आमच्या निफाडच्या थंडीत महिन्यावर जातं. दहाव्या दिवसापासून रोज मधल्या पेंढीतली एक काडी ओढा. बुडाशी मोडा, अंगठ्याने साल वर सरकवा. साल अडखळत तुटली तर अजून वेळ आहे. सुळकन सरकून खाली पांढरी, गुळगुळीत काडी दिसली, तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढा. आमची आजी दिवेलागणीला हौदापाशी जाऊन एक काडी बघायची आणि साल सुटली की सकाळची वाट न बघता घरातल्या सगळ्यांना हाक मारायची. ती बरोबर होती. वेळ टळून गेली की धागा दिसायला छान असतो, पण दोन्ही हातांनी झटका दिला की तुटतो, आणि त्याला मग काहीच उपाय नाही. कच्चा राहिलेला मात्र सुधारतो: वाखावर सालीचे तुकडे चिकटलेले दिसले तर परत चार-पाच दिवस बुडवा.

काडीवरून सोलून काढलेला वाख धुताना पिळू नका, गुंता होतो. वाहत्या नळाखाली बुडाकडून शेंड्याकडे हात फिरवत धुवा. हौदातलं पाणी आणखी पाणी मिसळून झाडांना घाला.

वाळवायला बांबू किंवा दोरीवर टांगा, जमिनीवर पसरू नका. वरून कोरडा वाटला तरी जुडीत मधे हात घालून बघा. आत गार लागला तर बांधून ठेवू नका, बुरशी धरते. आणखी एक दिवस उन्हात राहू द्या.