हवामान शिक्षणाचं काम करताय? मुंबईतून फेलोशिपसाठी अर्ज असा करा

मिठी नदीकाठच्या वस्तीत कुणी शनिवारी मुलांचा वर्ग घेतं, कुणी एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) पालिकेच्या शाळेत जाऊन कचरा, उकाडा, भरती यांवर शिकवतं. अशा कामाला फेलोशिप, म्हणजे ठरावीक काळ काम करायला पाठबळ, मिळते हेच अनेकांना माहीत नसतं. माहीत असलं तरी ‘ते इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांचं’ म्हणून सोडून दिलं जातं. तसं करू नका.

आधी फेलोशिपचा प्रकार बघा. काही पूर्णवेळ असतात. टीच फॉर इंडियात दोन वर्षं वर्गात शिकवायचं असतं. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये शासनासोबत काम असतं; वयाची अट 21 ते 26 आणि मराठी यायलाच हवं. एसबीआय यूथ फॉर इंडिया 13 महिन्यांची, पण ती खेड्यात, म्हणजे मुंबईतला वर्ग दुसऱ्याच्या हाती द्यावा लागेल. दुसरा प्रकार चालू कामाला बळ देणारा: अशोका यंग चेंजमेकर्स (12 ते 20 वर्षं), नॅशनल जिओग्राफिकचे यंग एक्सप्लोरर (16 ते 25), आणि पर्यावरण शिक्षणातल्या जगभरच्या तरुणांसाठी 2016 पासून असलेला ‘ईई 30 अंडर 30’ हा सन्मान. अटी बदलत राहतात, म्हणून यंदाची सूचना स्वतः वाचा.

मग अर्ज बाजूला ठेवून काम करा. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. एक शाळा, एक प्रश्न, निदान एक सत्र. समजा कुर्ल्यातली शाळा घेतली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे मुलांना नुसतं सांगून काही पोचत नाही. त्यांना घरी पाठवा: आजीला, शेजाऱ्यांना विचारा, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं? मुलं भिंतीवर खडूने खूण करतील, टेपने मोजतील, वहीत लिहितील. दुसऱ्या दिवशी वर्गात गल्लीचा नकाशा काढून ते आकडे भरा. उंच भाग कुठला, नाला कुठे तुंबतो, हे मुलंच तुम्हाला दाखवतील. आता तुमच्याकडे वह्या आहेत, नकाशा आहे आणि मुलांनी विचारलेले प्रश्न आहेत. सगळं तारखेनिशी जपा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधीच घ्या. पालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाकडेही विचारावं लागतं. मुलांचे फोटो वापरायचे तर पालकांची संमती हवीच.

अर्ज आधी मराठीत लिहा आणि नंतर इंग्रजी करा. विचार स्वच्छ राहतो. ‘मी हवामान बदलाबाबत जनजागृती करते’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं. त्याऐवजी असं लिहा: ‘सातवीच्या मुलांनी गल्लीतल्या पाण्याच्या खुणा मोजल्या, नकाशा केला आणि वॉर्ड ऑफिसला नाला साफ करण्याबद्दल पत्र दिलं.’ घडलं असेल तेवढंच लिहा, वाढवून काही नको. मार्च 2022 मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याशी काम जोडून दाखवा. 2050 पर्यंत नेट झिरो, म्हणजे हवेत जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जाणं, हे त्याचं उद्दिष्ट आहे, आणि पूर व जलव्यवस्थापन हे त्यातल्या सहा क्षेत्रांपैकी एक. तुमची गल्ली शहराच्या योजनेत कुठे बसते, ते निवड करणाऱ्याला लगेच कळतं.

बजेटमध्ये खरे खर्च टाका: लोकलचं भाडं, झेरॉक्स, चार्ट पेपर, मुलांचा खाऊ, सहकाऱ्याचं मानधन. स्वतःचं मानधन मागायला संकोचू नका. ते मागितलं नाही तर घरची जबाबदारी असलेली मुलंमुली या कामात टिकणारच नाहीत. पैसा परदेशातून संस्थेच्या खात्यात येणार असेल तर त्या संस्थेची एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एक संस्था असा निधी दुसरीकडे वळवू शकत नाही. म्हणून होकार देण्याआधी सीएशी बोला.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं नसलं तरी चालेल. तुमचा वर्ग प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षिकेचं घ्या, आणि त्यांना निदान दोन आठवडे द्या.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: तुम्ही नसाल तेव्हा हे कोण चालवेल? त्याचं उत्तर आधीच तयार करा. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला सत्र घ्यायला शिकवलं असेल तर तसं सांगा. निवड झाली नाही तर अर्जात काय कमी पडलं ते मेलवर विचारा आणि तोच अर्ज सुधारून पुढच्या वर्षी पाठवा.