पोर्ट वारंवार निसटतोय? आधी चीर बघा

लॅपरोस्कोपीत, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनमध्ये, पोर्ट (इन्स्ट्रुमेंट आत घालायची नळी) इन्स्ट्रुमेंटबरोबर बाहेर यायला लागला की सगळे आधी टाका मागतात, पण खरं सांगू का, निम्मा खेळ चीर घेतानाच झालेला असतो. कॅन्युलाचं, म्हणजे पोर्टच्या नळीचं, तोंड त्वचेवर दाबा, गोल ठसा उमटतो, त्या ठशाच्या रुंदीएवढीच चीर घ्या, फार तर एखादा मिलिमीटर जास्त. मोठी झाली की पोर्ट हलतो आणि पोट फुगवायला भरलेला गॅस (कार्बन डायऑक्साइड) कडेने सुटतो. लहान ठेवण्याचा हट्टही नको, त्वचा अडवते म्हणून आपण जोर लावतो आणि मग ट्रोकार (कॅन्युला आणि तिच्यातली टोकदार सळई) एकदम आत घुसतो, ते जास्त वाईट.

ट्रोकारचं तोंड जिथे काम करायचंय तिकडेच ठेवा. दिशा चुकली तर दर वेळी इन्स्ट्रुमेंटने पोटाची भिंत वाकवावी लागते आणि त्या ओढाताणीत तासाभरात भोक सैल होतं. नंतर कॅमेऱ्यात बघत टोक पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या अस्तराच्या) आत साधारण 2-3 सेंटीमीटर ठेवा. जाड पोटाला लांब कॅन्युला घ्या, आखूड पोर्ट रेटून बसवायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही.

आता टाका. जाड सिल्क, पोर्टच्या अगदी शेजारी त्वचेत एक बाइट (सुईची एक फेरी), तिथे सैलसर गाठ, मग तेच धागे गॅसच्या नळाच्या मानेला दोन वेढे देऊन बांधायचे. पण हा टाका पोर्टला फक्त बाहेर येऊ देत नाही, आत सरकायला तो मोकळाच असतो! त्यासाठी जुनी युक्ती, निर्जंतुक रबर कॅथेटरचा सेंटीमीटरभर तुकडा पोर्ट घालायच्या आधीच कॅन्युलावर घट्ट चढवायचा आणि सिल्क त्या रबरातून घ्यायचं, मग पोर्ट दोन्हीकडून अडकतो. लहान मुलांमध्ये पोटाची भिंत पातळ असते, तिथे हे फार कामाला येतं. आटे असलेला किंवा बलूनचा पोर्ट असेल तर उत्तमच, बलून फुगवा, हळूच वर ओढून भिंतीला टेकवा आणि बाहेरची चकती त्वचेपर्यंत खाली आणा.

आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही, पोर्टमधला कोरडा व्हॉल्व्ह (गॅस अडवणारी झडप) इन्स्ट्रुमेंटला धरून बसतो आणि पोर्टच ओढून आणतो. इन्स्ट्रुमेंट सलाइनमध्ये बुडवून घाला, काढताना जबडे बंद आणि दुसऱ्या हाताने पोर्ट धरलेला. गॅसची नळीही ड्रेपला क्लिप करा, लोंबकळत ठेवू नका.

एवढं करूनही टोक पेरिटोनियमच्या बाहेर आलंच तर इन्सफ्लेटरवर (गॅस भरणाऱ्या मशीनवर) प्रेशर चढतं, फ्लो पडतो, आणि त्वचेवर बोट दाबलं की खाली शिरलेल्या गॅसची चुरचुर लागते. त्या पोर्टचा गॅस लगेच बंद करा, नळी दुसऱ्या पोर्टला लावा, ॲनेस्थेशियावाल्यांना सांगा कारण कार्बन डायऑक्साइड वाढलेला त्यांना आधी दिसतो. मग बोथट ऑब्च्युरेटर (कॅन्युलातली सळई) घालून, कॅमेरा त्याच जागेवर रोखून, जुन्याच वाटेने आत जायचं, घाईत नवी वाट पाडायची नाही. भोक खूप सैल झालं असेल तर कडेने पर्स-स्ट्रिंग (भोकाभोवती गोल घेऊन आवळायचा टाका) घ्या नाहीतर एक साइज मोठा पोर्ट टाका.

शेवटी पोर्ट काढताना बलून आधी रिकामा करायचा, हे लिहावं लागतंय कारण फुगलेला बलून ओढत बसलेले मी पाहिलेत.