वाइन शिकायला परदेशी जाताना: नाशिकमधून निघण्याआधीची तयारी

सप्टेंबरमध्ये युरोपात वर्ग सुरू व्हायचे असतील, तर आदल्या वर्षीच्या जानेवारीतच तयारीला लागावं. आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास नंतर लावला तरी चालतो. आधी तोडणीचा एक अख्खा हंगाम करा. नाशिककडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात. दिंडोरी, विंचूर, गंगापूर धरणाकडचा पट्टा, जिथे जमेल तिथे वायनरीत हंगामी काम धरा, पण सेलरमध्ये, म्हणजे वाइन जिथे टाक्यांत बनते तिथे; टेस्टिंग रूममधलं काम इथे उपयोगाचं नाही. सेलरमधलं बरंचसं काम धुण्याचं असतं: टाकीला आधी कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग सायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. सायट्रिक टाकीच्या अंगाला राहिलेला कॉस्टिकचा अंश मारतं, म्हणून तो टप्पा गाळायचा नाही. आंबत असलेल्या टाकीत डोकं घालून वास घेऊ नये, आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. रोजच्या नोंदी वहीत ठेवा: टाकी, ब्रिक्स (रसातली साखर), तापमान, पीएच. निघताना अनुभवपत्र घ्याल तेव्हा त्यात तारखा आणि नेमकी कामं लिहून घ्या. ‘हंगामी कामगार होते’ एवढ्या ओळीला अर्जात फारशी किंमत नाही.

हा हंगाम संपला की वेल, सेलर की विक्री, हे ठरवा आणि मगच देश निवडा. विक्री-मार्केटिंगसाठी फ्रान्समधल्या दिजाँचं बर्गंडी स्कूल आहे. वेल आणि वाइन दोन्हींसाठी फ्रान्समधलंच मोंपेलिए, जर्मनीतलं गाइझेनहाइम किंवा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा वेट कॅम्पस. वाइननिर्मितीच्या मास्टर्सला रसायनशास्त्र-जीवशास्त्राचा पाया लागतो. राहुरीची बी.एस्सी. ॲग्री किंवा मायक्रोबायोलॉजीची पदवी असेल तर बरं, नुसत्या बी.कॉम.वर सहसा दार उघडत नाही. डब्ल्यूएसईटी या वाइनचं शिक्षण देणाऱ्या ब्रिटिश संस्थेची प्रमाणपत्रं विक्री आणि हॉटेलच्या बाजूला कामाची, पण त्यांच्या जोरावर कोणी टाकी हातात देणार नाही. मोंपेलिएचा व्हिनिफेरा मास्टर्स इंग्रजीत असला, तरी तिथल्या सेलरमध्ये बोलणं फ्रेंचमध्येच चालतं, तेव्हा वर्षभर आधी भाषा सुरू करा.

जुनी पुस्तकं काढून लॉगॅरिदम आणि आम्लं पुन्हा घासून घ्या. वाइन टिकवायला रेणवीय सल्फर डायऑक्साइड (मुक्त सल्फर डायऑक्साइडमधला जंतूंना खरोखर रोखणारा भाग) लिटरला 0.8 मिलिग्रॅम हवा, असं धरलं, तर पीएच 3.2 असताना मुक्त सल्फर डायऑक्साइड 20 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो, पीएच 3.8 झाला की तोच आकडा 80 च्या जवळ जातो. आपल्या उन्हात आम्ल लवकर उतरतं आणि पीएच चढतो, म्हणून नाशिककराला हे गणित तोंडपाठच हवं. छाटणीचंही तसंच. आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी धरून चालतो. तिकडे वेल थंडीत झोपतो आणि मुख्य छाटणी त्या झोपेत, एकदाच होते. शेजारच्या बागेत कोणता खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळ) आहे, डॉगरिज की 110 आर, हे विचारून ठेवा. तिकडे वर्गात कामी येतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे गायब. असं असेल तर दुरुस्ती अर्जाच्या सहा महिने आधीच करून घ्या. जर्मनीसाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं. फ्रान्सला ‘कॅम्पस फ्रान्स’ या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत जावं लागतं. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

पैशांच्या बाबतीत शेतकरी घरांनी एक गोष्ट आधीच पाहावी: शेतजमीन सर्फेसी (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला थेट जप्त करू देणाऱ्या) कायद्याबाहेर आहे, त्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला सातबारा तारण म्हणून सहसा घेत नाहीत. फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो. शेती उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न भरलेलाच नसतो आणि व्हिसाच्या वेळी कागद सापडत नाहीत. दोन-तीन वर्षं आधीपासून शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरा; बाजार समितीच्या पावत्या आणि वायनरीचा करार जपून ठेवा. तिकडच्या अर्धवेळ कमाईवर फी काढण्याचा हिशेब करू नका. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास, फ्रान्समध्ये वर्षाला 964 तास, एवढीच मुभा आहे.

चव घ्यायचा सराव घरीच होतो. वाइनच्या वर्णनात ब्लॅककरंटसारखे वास येतात; त्याचा जॅम आणा, वास लक्षात ठेवा. आणि थुंकायला शिका. सकाळी दहाला बारा ग्लास समोर येतात तेव्हा गिळणारा दुपारच्या वर्गात बसू शकत नाही.

सामानात बागेतले माती लागलेले गमबूट किंवा जुनी कात्री घालू नका, ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर अडकाल. गमबूट तिकडे स्वस्त मिळतात. परत येताना आवडलेल्या वाणाच्या काड्याही गुपचूप आणू नका. आयात परवाना आणि क्वारंटाइनशिवाय त्या आणता येत नाहीत, आणि एका काडीबरोबर आलेला विषाणू अख्ख्या शिवाराला पुरतो.