विषारी रसायनांचा हिशेब मंडळाला देताना या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला की एमआयडीसीतल्या लहान केमिकल कारखान्यांत ठरलेली धावपळ सुरू होते. गेल्या वर्षीचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५, उघडायचं, साल बदलायचं, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे आणि ३० तारखेच्या आत एमपीसीबीकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भरून मोकळं व्हायचं. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक सॉल्व्हंटचा, म्हणजे विरघळवण्यासाठी वापरायच्या द्रवाचा, ताळा न घेण्याची. समजा, वर्षभरात १२ टन टोल्युइन विकत घेतलं. ते फक्त सॉल्व्हंट म्हणून वापरलं आणि ३१ मार्चचा साठा गेल्या वर्षीइतकाच आहे. घातक कचऱ्यातून ७ टन गेलं, सांडपाण्यातून १ टन. उरलेलं ४ टन कुठे गेलं? कंडेन्सरच्या व्हेंटमधून, रिअ‍ॅक्टर भरताना, पिंप रिकामं करताना ते हवेत गेलं. फॉर्ममध्ये मात्र हवेच्या रकान्यात बॉयलरच्या चिमणीची धूळ आणि सल्फर डायऑक्साइड एवढंच असतं. रिअ‍ॅक्टरचं झाकण (मॅनहोल) उघडणाऱ्या हेल्परच्या छातीत जे जातं, त्याचा उल्लेखच नाही. खरेदीची बिलं आणि स्टोअरचं रजिस्टर शेजारी ठेवून बसलात तर तासाभरात हा फरक सापडतो.

सांडपाण्याचंही तसंच. सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, मर्यादेत आहे, झालं! पण फॉर्म विचारतो दिवसाला किती किलो. ४० घनमीटर पाणी सोडत असाल तर ते १० किलो होतात. गुणाकार कन्सेंटमधल्या, म्हणजे मंडळाच्या संमतिपत्रातल्या, पाण्याच्या आकड्याने करू नका, फ्लोमीटरच्या रीडिंगने करा. पाणी सीईटीपीला, म्हणजे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, जातं म्हणून शून्य लिहिणंही चूकच.

घातक कचऱ्याचा फॉर्म ४ त्याआधीच, ३० जूनपर्यंत जातो. दोन्ही फॉर्म एकाच आर्थिक वर्षाचे, तरी स्लजचे (घातक गाळाचे) आकडे वेगळे निघतात, कारण एकात तयार झालेला गाळ लिहिलेला असतो आणि दुसऱ्यात पाठवलेला. सुरुवातीचा साठा, अधिक तयार झालेला, वजा पाठवलेला, बरोबर शिल्लक. ही एक ओळ कागदावर मांडा. पाठवलेल्याचं वजन पिंपं मोजून अंदाजाने धरू नका. विल्हेवाट केंद्राकडून मॅनिफेस्टची, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक-पावतीची, निळी प्रत परत येते, तिच्यावर त्यांना मिळालेल्या मालाचं वजन असतं. ती प्रत आली नसेल तर पाठपुरावा करा.

इथे थोडं विषयांतर करतो. १९८४ मध्ये भोपाळ आपल्याकडे घडलं आणि त्यानंतर दोन वर्षांत अमेरिकेने कायदा केला: कुठल्या कारखान्याने कुठलं विषारी रसायन किती सोडलं, हे तिथला शेजारी स्वतः पाहू शकतो. आपल्या कारखान्यांच्या कुंपणाला लागून वस्ती असते, म्हणून हे आकडे खरे असावेत असं मला मनापासून वाटतं.

शेवटची चूक गळतीच्या वेळची: ‘आधी आटोक्यात आणू, मग कळवू.’ मोठा अपघात झाला तर घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार ४८ तासांत कळवावं लागतं. कारखान्यांनी ते कळवायचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. घातक कचऱ्याचा अपघात असेल तर मंडळाला लगेच फोन किंवा ई-मेल, मागून फॉर्म ११. रसायन नाल्यात उतरलं तरी मंडळाला तत्काळ कळवायचं असतं. संचालनालयाचे आणि मंडळाचे फोन नंबर मॅनेजरच्या मोबाइलमध्ये असून भागत नाही. गळती रात्री अडीचला होते, तेव्हा प्लांटवर फक्त शिफ्ट इन्चार्ज असतो. कंट्रोल रूमच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि फोन करायला त्याला कुणाची परवानगी लागणार नाही हेही तिथेच लिहा.