जुना जीपीएसडीओ घरी वापरताय? या चुका टाळा

मोबाइल टॉवरच्या खोल्यांतून काढलेले जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसशी बांधलेला ऑसिलेटर वापरून १० मेगाहर्ट्झची अचूक फ्रिक्वेन्सी आणि दर सेकंदाला एक पल्स देणाऱ्या पेट्या, आता बरीच वर्षं हौशी मंडळींच्या टेबलावर येत आहेत. ट्रिंबलचा थंडरबोल्ट, एचपीचा झेड३८०१ए, ल्यूसेंटची केएस-२४३६१ ही जोडी, ही त्यातली नेहमीची नावं. आत एक उत्तम क्रिस्टल ऑसिलेटर स्वतःच्या छोट्या भट्टीत ठराविक तापमानाला ठेवलेला असतो. जीपीएसकडून दर सेकंदाला येणाऱ्या पल्सशी ताडून त्याला हळूहळू वळणावर ठेवलं जातं; दोन्ही जुळले की पेटी ‘लॉक’ झाली म्हणतात. सीडीएमए या जुन्या मोबाइल पद्धतीच्या नेटवर्कला प्रत्येक टॉवरवर काही मायक्रोसेकंदांच्या आतली वेळ लागायची, म्हणून एवढं महागडं यंत्र तिथे बसवलं होतं. नेटवर्क बंद झालं आणि पेट्या भंगारात निघाल्या. अशी पेटी नीट चालली तर दिवसभराच्या सरासरीत तिची फ्रिक्वेन्सी एक लाख कोटीत एक भाग इतकी अचूक मिळते.

नीट चालली तर! कारण ‘लॉक होत नाही’, ‘वेळ उड्या मारते’, ‘तारीख भलतीच दाखवते’ अशा तक्रारी सतत ऐकू येतात, आणि प्रत्येक वेळी खापर ऑसिलेटरवर फुटतं. कोणी त्याचा स्क्रू फिरवतं, कोणी झाकण उघडून ट्रिमर शोधतं. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं आहे. दहा-पंधरा वर्षं अखंड चाललेला ऑसिलेटर त्या पेटीतला सगळ्यात मुरलेला भाग असतो. दुखणं बहुतेक वेळा पेटीबाहेर असतं: वीज, अँटेना, ऊब, नाहीतर चुकीचं भरलेलं सेटिंग. म्हणून स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्या.

काय हवंय ते न ठरवता घेणं

ताऱ्यांच्या पिधानाची (चंद्रासारख्या गोलाआड तारा झाकला जाण्याची) वेळ नोंदवायची असेल तर मिलिसेकंद पुरतात. साधं जीपीएस मॉड्यूल आणि त्याची पल्स एवढ्यावर भागतं, जीपीएसडीओची गरजच नाही. क्यूओ-१०० उपग्रहावरचे हॅम (हौशी रेडिओवाल्यांचे) सिग्नल ऐकायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे खाली येणारी फ्रिक्वेन्सी १०,४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. संदर्भ म्हणून वापरलेल्या फ्रिक्वेन्सीत दहा कोटीत एक भाग चूक झाली तरी रेडिओवर शंभर हर्ट्झचा फरक पडतो. इथे १० मेगाहर्ट्झचं आउटपुट खरं सोनं, पल्स नॅनोसेकंदाने पुढे की मागे याच्याशी काहीच देणंघेणं नाही. घरचा टाइम सर्व्हर करायचा असेल तर उलट, सगळं लक्ष पल्सवर. हे आधी ठरलं की खालच्यातल्या निम्म्या चुका तुमच्यापुरत्या गौण ठरतात.

घेताना दोनच गोष्टी विचारा. पहिली, संच पूर्ण आहे का? ल्यूसेंटच्या जोडीत जीपीएस रिसीव्हर एकाच पेटीत असतो. दुसरी पेटी एकटी स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर तिला जीपीएसशी बांधणारं काहीच नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे चालू असतानाचा डीएसी व्होल्टेजचा फोटो. ऑसिलेटर वयानुसार सरकतो आणि यंत्र त्याला हे डीएसी व्होल्टेज देऊन जागेवर ओढून ठेवतं. हे व्होल्टेज मर्यादेच्या टोकाला टेकलं असेल तर त्या पेटीचे दिवस भरत आले आहेत, हे विकणाऱ्याने न सांगताही कळतं.

वीज

थंडरबोल्टला +५, +१२ आणि −१२ असे तीन व्होल्टेज लागतात. झेड३८०१ए टॉवरच्या डीसी पुरवठ्यावर चालतो आणि त्यात ४८ व्होल्टचा व २४ व्होल्टचा असे दोन प्रकार आहेत. लेबल न बघता जोडू नका. टेलिकॉमच्या ४८ व्होल्टमध्ये बहुधा धन बाजू जमिनीला जोडलेली असते. आपली सवय नेमकी उलट, त्यामुळे सप्लायचं ऋण टोक बेधडक चासीला जोडण्याआधी मीटरने तपासा.

भट्टी तापत असताना करंट नेहमीपेक्षा बराच जास्त लागतो. जेमतेम क्षमतेचा सप्लाय तेव्हाच बसतो, पेटी पुन्हा सुरू होते, पुन्हा बसते. पाहणाऱ्याला वाटतं पेटीच खराब आहे. स्वस्त स्विचिंग सप्लाय चालतो, पण त्याचा कचरा १० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला स्पेक्ट्रममध्ये उगवतो. तो संदर्भ गुणून १० गिगाहर्ट्झपर्यंत नेला की कचराही त्याच पटीत वाढतो. फ्रिक्वेन्सीसाठी वापरणाऱ्यांनी लिनिअर सप्लायचा खर्च करावाच.

रोज रात्री बंद करण्याची सवय मात्र मोडा. थंड होऊन पुन्हा तापलेला क्रिस्टल नेमका पूर्वीच्या जागी परतत नाही, आणि त्याचं वय होण्याचा सावकाश, अंदाज करता येणारा क्रम दरवेळी विस्कटतो. जिथे लोडशेडिंग आहे तिथे बॅटरी हा या यंत्राचाच एक भाग समजा.

अँटेना

खिडकीच्या ग्रिलवर ठेवलेली अँटेना लॉक दाखवेल, आणि तेच फसवं आहे. अर्धं आकाश भिंतीआड, समोरच्या इमारतीवरून परावर्तित होऊन आलेले सिग्नल, आणि तरीही हिरवा दिवा. गच्ची मिळत असेल तर गच्चीच घ्या. पूर्ण मोकळं आकाश नसेल तर कोणती बाजू सोडायची? उत्तर दिशा. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे महाराष्ट्रातून पाहिलं तर ठीक उत्तरेला सुमारे ४० अंशांच्या खाली एकही उपग्रह येत नाही. पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली उत्तरेला आली तर फारसं बिघडत नाही. दक्षिण, पूर्व आणि पश्चिम मोकळी ठेवा.

थंडरबोल्टचं अँटेना सॉकेट एफ प्रकारचं आहे, म्हणजे डिश टीव्हीची आरजी-६ केबल थेट बसते. ती ७५ ओहमची आहे म्हणून घाबरून पातळ आरजी-५८ वापरणारे नुकसान करून घेतात. १५७५ मेगाहर्ट्झला आरजी-६ तीस मीटरमध्ये साधारण ८ डेसिबल खाते, आरजी-५८ वीसच्या आसपास. अँटेनातल्या अॅम्प्लिफायरला ५ व्होल्ट हवेत की ३.३, हेही बघा. थंडरबोल्ट ५ देतो.

केबलचा विलंब आरजी-६ मध्ये मीटरला सुमारे ४ नॅनोसेकंद, म्हणजे तीस मीटरला १२०. थंडरबोल्टमध्ये हा विलंब भरून काढायला ऋण आकडा द्यावा लागतो. धन दिला तर चूक दुप्पट होते आणि पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही.

पावसाळ्याआधी बाहेरच्या प्रत्येक जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून जाईल. जूनमध्ये लॉक जायला लागला आणि उन्हाच्या दिवशी परत येतो असं दिसलं, तर ऑसिलेटरकडे पाहूच नका. कनेक्टर उघडा, आत हिरवट गंज सापडेल. वळवाच्या विजांसाठी अरेस्टर आणि चांगलं अर्थिंग हवंच.

उंचीची चूक: ही आपल्याकडे जास्त महागात पडते

वेळेसाठी बनवलेला रिसीव्हर आपली जागा एकदा ठरवतो आणि मग ती पक्की धरून फक्त वेळ मोजतो. थंडरबोल्ट त्यासाठी दर सेकंदाला एक अशी २००० मोजमापं घेतो, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. याला सर्व्हे म्हणतात. पुष्कळांना हे थांबणं नको असतं. ते नकाशावरून अक्षांश, रेखांश आणि उंची टाकून मोकळे होतात.

इथेच गोम आहे. नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून असते. जीपीएस मोजतं ते पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. जगात बऱ्याच ठिकाणी या दोन्हीत थोडाच फरक असतो, पण भारतीय उपखंडाच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणाचा जगातला सगळ्यात मोठा खळगा आहे. तिथे समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या शंभराहून जास्त मीटर खाली जाते. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात हा फरक सुमारे ६० ते ७० मीटर भरतो. पुण्यात नकाशावर ५६० मीटरवर असलेली गच्ची जीपीएसच्या हिशेबात ४९५ मीटरच्या आसपास असते. परदेशी सूचनांमध्ये ‘उंचीत थोडा फरक चालतो’ असं वाचून ५६० भरलं तर प्रकाशाला तेवढं अंतर कापायला लागणाऱ्या सुमारे २१७ नॅनोसेकंदांचा मोठा भाग थेट तुमच्या पल्समध्ये शिरतो.

ही चूक ओळखण्याची खूण आहे. डोक्यावरचा उपग्रह एक वेळ सांगतो, क्षितिजाजवळचा दुसरी, कारण उंचीची चूक डोक्यावरच्या उपग्रहाला पूर्ण भोवते आणि क्षितिजाजवळच्याला जवळपास नाहीच. त्यामुळे एखादा उपग्रह उगवला किंवा मावळला की पल्सच्या आलेखात पायरी दिसते. अशा पायऱ्या दिसल्या तर सर्व्हे पुन्हा करा. लेडी हेदर हा मोफत प्रोग्रॅम ४८ तासांचा सावकाश सर्व्हे करून देतो, आणि तोच घ्यावा, कारण अर्ध्या तासाच्या सर्व्हेत त्या वेळचा आयनोस्फिअरचा (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराचा) दोषही जागेत मुरतो. झाल्यावर जागा मेमरीत सेव्ह झाली की नाही ते वीज घालवून, परत आणून तपासा.

तारीख वीस वर्षं मागे

जीपीएस आठवड्याचा क्रमांक १० बिटमध्ये पाठवतं, म्हणून १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. प्रत्येक रिसीव्हर यातून आपापल्या परीने वाट काढतो आणि ती वाट कधीतरी संपते. थंडरबोल्टची ३० जुलै २०१७ ला संपली. तेव्हापासून तो १०२४ आठवडे जुनी तारीख दाखवतो. १० मेगाहर्ट्झ आणि पल्स दोन्ही शाबूत असतात, त्यामुळे पेटी फेकू नका. लेडी हेदर तारीख सुधारून दाखवतो. टाइम सर्व्हर करायचा असेल तर पेटीतून फक्त पल्स घ्या आणि कोणता सेकंद ते क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून कळू द्या.

वेळ नेमकी १८ सेकंद पुढे दिसते? ती जीपीएसची वेळ आहे, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नव्हे. १ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदापासून दोन्हीतलं अंतर १८ आहे. नुकतीच चालू केली असेल तर थांबा, कारण ही माहिती ज्या संदेशात येते तो पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात.

कॉम्प्युटरला जोडताना

झेड३८०१ए सिरियलवर गप्प बसत असेल तर दोन कारणं बघा. मुळात तो आरएस-४२२ वर बोलतो, आरएस-२३२ साठी आतले जंपर बदलावे लागतात. शिवाय त्याचं सेटिंग १९२००, ७ बिट, ऑड पॅरिटी असं आडवळणाचं आहे. थंडरबोल्ट ९६०० वर साधेपणाने बोलतो, पण त्याची पल्स फक्त १० मायक्रोसेकंदांची असते. सिरियल पोर्टला ती कधी दिसते, कधी निसटते. टीएपीआर या हौशी रेडिओ संस्थेचा फॅटपीपीएस हा छोटा बोर्ड ती रुंद करतो, मोनोस्टेबल हे साधं सर्किटही करेल. रास्पबेरी पायला जोडताना ५ व्होल्टची पल्स सरळ जीपीआयओला देऊ नका, पिन ३.३ व्होल्टची आहे. आणि पल्स यूएसबी कन्व्हर्टरमधून नेली तर नॅनोसेकंदांच्या मेहनतीवर मिलिसेकंदाच्या घरातली अनिश्चितता चढते.

ऊब, घाई आणि ताळा

लेडी हेदरच्या आलेखात डीएसीची रेघ आणि तापमानाची रेघ एकमेकींच्या मागे धावत असतील, तर पंख्याचा वारा किंवा खिडकीतलं ऊन पेटीपर्यंत पोचतंय. पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं तरी मोठा फरक पडतो. मात्र हवाबंद करू नका. भट्टीला बाहेरचं तापमान स्वतःपेक्षा पुरेसं कमी लागतं, आणि मे महिन्यात नागपुरात बंद कपाटात ती उसंत उरत नाही.

थंडरबोल्टचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ऑसिलेटरला किती सावकाश दुरुस्त करायचं ते सेटिंग, मुळात १०० सेकंदांचा असतो. चांगला ऑसिलेटर थोड्या वेळापुरता जीपीएसच्या पल्सपेक्षा कितीतरी शांत असतो, म्हणून तो ५०० किंवा त्याहून वर नेला की फ्रिक्वेन्सी स्थिर होते. पण हे पेटी काही दिवस तापून मुरल्यावरच करा. पहिल्या दिवशी केलं तर ऑसिलेटर सरकत राहतो आणि त्याला दुरुस्त करणारा लूप मागे धापा टाकतो.

एवढं करूनही दुपारी आणि रात्री पल्समध्ये काही दहा नॅनोसेकंदांचा हेलकावा दिसेल. तो आयनोस्फिअरचा आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणारे हे रिसीव्हर ज्या ठोकताळ्यावर अवलंबून असतात तो साधारण निम्माच दोष काढतो, आणि आपल्या अक्षांशांवर तो थर जगात सगळ्यात दाट असणाऱ्या पट्ट्यांपैकी एक आहे. सूर्य मावळल्यावर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सिग्नल लुकलुकून काही उपग्रह सुटूही शकतात. ते सेटिंगने सुटणारं नाही, तिथे डोकं फोडू नका.

ताळा घ्यायला दुसरा जीपीएसडीओ मिळाला तर दोन्हीचे १० मेगाहर्ट्झ ऑसिलोस्कोपवर लावा, एकावर ट्रिगर करा आणि दुसरी लाट किती सरकते ते बघा. एक पूर्ण लाट १०० नॅनोसेकंदांची. ती १००० सेकंदांत एकदा सरकली तर दोघांत हजार कोटीत एक भाग इतका फरक आहे, म्हणजे एखादा लॉकमध्ये नाही. लाट जागीच डोलत राहिली तर दोघं जुळले. पण दोन्ही एकाच अँटेनावर असतील तर अँटेना, केबल आणि आयनोस्फिअरचा दोष दोघांनाही सारखाच मिळतो, आणि तो या तुलनेत कधीच दिसणार नाही. तो पाहायचा तर जीपीएसशी न बांधलेला जुना रुबिडियम ऑसिलेटर शेजारी ठेवून आठवडाभर त्याच्याशी पल्सचा फरक नोंदवावा लागतो.