बँकॉकमध्ये घर बघताय? या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलै आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची तरी पुण्या-मुंबईहून बँकॉकला बदली झालेली असते, कुणाच्या तरी मावसबहिणीने माझा नंबर दिलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, थोंगलो बरं की साथोन?" इथे १४ वर्षांत पाच घरं बदलल्यावर माझं उत्तरही ठरून गेलंय. भागाचं नाव राहू द्या. सोई कुठली आणि तिच्यात किती आत, तेवढं सांगा.

सोई म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. शब्द आपल्या कानाला गोड लागतो, पण सोईचा आणि सोयीचा संबंध असेलच असं नाही. सुखुमवित रस्त्याच्या उत्तरेला विषम आकड्यांच्या सोई, दक्षिणेला सम. हे आकडे समोरासमोर येत नाहीत, हे लोकांना घर घेतल्यावर कळतं. सोई ५५ च्या समोर ३८ आहे, ६३ च्या समोर ४२. "शाळा ३९ मध्ये, घर ४० मध्ये, म्हणजे रस्ता ओलांडला की झालं" असं म्हणणारे मला तिघं भेटलेत.

"बीटीएसपासून ५ मिनिटं" या ओळीवर विसंबणं

बीटीएस म्हणजे इथली खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे. ही माझी खास नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

थोंगलो म्हणजेच सुखुमवित सोई ५५. म्हणायला सोई, प्रत्यक्षात दोन-अडीच किलोमीटरचा चांगला रुंद रस्ता. एक टोक सुखुमवितवर, बीटीएस स्टेशनपाशी. दुसरं टोक सेन सेप कालवा ओलांडून न्यू पेट्चबुरी रस्त्याला. या सोईच्या पोटात आणखी सोई: एका बाजूला थोंगलो १, ३, ५ करत थेट २५ पर्यंत. जाहिरातीत थोंगलो ५ पण "थोंगलो" आणि थोंगलो २५ पण "थोंगलो". भाडं मात्र आतल्या टोकाला थोडं उतरतं आणि तिथेच नवखा माणूस हुरळतो.

काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ओळखीतलं एक जोडपं आलं. सोबत दीड वर्षाची मुलगी. एजंटने रविवारी सकाळी दहाला स्वतःच्या गार गाडीतून नेऊन घर दाखवलं. तीन बेडरूम, सागवानी जमीन, खाली पोहण्याचा तलाव, गॅलरीसमोर आंब्याचं झाड. स्टेशनपासून गाडीने खरंच पाच मिनिटं लागली, रविवार होता ना. मी म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी परत एकदा जाऊन या. "ताई, तोवर दुसरं कुणी घेऊन टाकेल." दुपारी सही झाली. बँकॉकमध्ये भाड्याच्या फ्लॅटांचा तुटवडा मी तरी अजून पाहिलेला नाही, पण एजंटने घाई केली की माणसाचं डोकं चालेनासं होतं.

सोमवारी ऑफिस सुरू. ऑफिस साथोनला, चोंग नोन्सी स्टेशनजवळ. रेल्वेचा प्रवास अगदी सोपा: सयामला उतरायचं, दुसरी गाडी धरायची. रडगाणं सगळं घर ते स्टेशन एवढ्या पट्ट्यातलं. चालत अर्धा तास, आणि एप्रिलमध्ये इथे सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटतो. फूटपाथवर विजेचा खांब, त्याला लागून नूडल्सची गाडी, तिच्यामागे लावलेल्या मोटारसायकली. बाबागाडी घेऊन तिथून जायचं म्हणजे दर वीस पावलांवर रस्त्यावर उतरायचं. नवरा निदान मोटारसायकल टॅक्सीवर बसून जायचा, ते नारिंगी जाकिटवाले, ज्यांना इथे विन म्हणतात. ती लेकीला घेऊन त्यावर कशी बसणार? थोंगलोवरून छोट्या लाल बस धावतात, पण एका हातात घडी केलेली बाबागाडी, दुसऱ्या हातात पोर आणि खांद्यावर भाजी, हे करून बघा एकदा. टॅक्सी केली तर संध्याकाळी त्याच दोन किलोमीटरना चाळीस मिनिटं.

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी मोठा पाऊस झाला. आतली सोई घोट्यापर्यंत भरली, विनवाले गायब. तिचा नवरा बूट हातात घेऊन, पँट दुमडून घरी पोचला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "ताई, घर छान आहे हो, पण मी आठवड्यातून दोनदा बाहेर पडते." दहाव्या महिन्यात घर सोडलं. करार वर्षाचा, त्यामुळे दोन महिन्यांची अनामत गेली.

माझी पद्धत लोकांना हास्यास्पद वाटते. वाटू दे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पाठीवरच्या पिशवीत पाच किलो कणीक टाकते, छत्री घेते आणि स्टेशनच्या जिन्यापासून चालायला लागते. घड्याळ लिफ्टच्या दाराशी थांबवायचं, फाटकाशी नाही, कारण मोठ्या आवारात फाटक ते लिफ्टच तीन मिनिटं खातं. बारा मिनिटांच्या वर गेलं तर मी घर बघायला वर जातच नाही. वर गेलं की सागवानी जमीन दिसते आणि मग मनाचं काही खरं नाही.

आत राहणं भागच असेल तर इमारतीची स्वतःची टुकटुक स्टेशनपर्यंत जाते का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी असते. शेवटची फेरी किती वाजता, तेही विचारा. हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

एक खूण सांगून ठेवते. इथे २३ मीटरपेक्षा उंच इमारतीला पुढे रुंद रस्ता लागतो. म्हणून आतल्या चिंचोळ्या सोईंमध्ये सगळी नवी कॉन्डो मोजून आठ मजली. जाहिरातीत आठ मजले दिसले की समोर दोन गाड्या अंग चोरून जातील एवढीच वाट असणार, हे मी गृहीत धरते.

विजेचा दर न विचारणं

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे फार तोरा मिरवत नाही. इथे कॉन्डो आणि अपार्टमेंट हे दोन वेगळे प्राणी आहेत. कॉन्डोत प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा आणि विजेचं बिल सहसा सरकारी वीज प्राधिकरणाचं, तुमच्या मीटरचं. अपार्टमेंटची अख्खी इमारत एकाच मालकाची, आणि वीज तो त्याच्या दराने विकतो असं पुष्कळ ठिकाणी चालतं. आमचं दुसरं घर असंच होतं. भाडं घासाघीस करून दोन हजार बाटने खाली आणलं म्हणून मी आठवडाभर खुशीत होते. पहिल्या एप्रिलचं बिल आलं: १,४०० युनिट, दर ७ बाट, एकूण ९,८०० बाट. त्याच महिन्यात शेजारच्या कॉन्डोतल्या मैत्रिणीला युनिटला साडेचारच्या आसपास पडलं होतं. मागच्या एप्रिलचं बिल दाखवा, एवढंच म्हणायचं असतं. आता मी म्हणते. दाखवायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

अपार्टमेंट वाईट असं नाही. घरं ऐसपैस, जुनी, मुलांना पळायला जागा. दुरुस्तीला खालीच माणूस असतो; कॉन्डोत गळका नळ घेऊन मालकाच्या मागे लागावं लागतं आणि तो चियांग मायला असतो.

आधी घर, मग शाळा

उलट करा. एनआयएसटी सुखुमवित सोई १५ मध्ये आहे, बँकॉक पटाना बांग ना कडे सोई १०५ च्या भागात, हॅरो डॉन मुआंग विमानतळाच्या बाजूला, आणि आयएसबी तर शहराच्या हद्दीबाहेर नोन्थाबुरीत. चार शाळा, चार दिशा. साथोनला घर घेऊन मुलाला पटानाला घालणाऱ्या आईबापांना मी काही बोलत नाही. पहाटे बससाठी उठवायचं ते पोर माझं नाही.

बाकीच्या, पटापट

वाणसामानासाठी घर निवडू नका. पाहुरातच्या भारतीय बाजाराजवळ साम योत हे एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन २०१९ पासून आहे. महिन्यातून एकदा जाऊन डाळी, पोहे, कढीपत्ता आणता येतो. फ्रोम फोंगला जपानी वस्ती मोठी, म्हणून मासे उत्तम आणि भाडी चढी. आरी हा थोंगलोपासून दूरचा भाग मला फार आवडतो, पण तिथे राहून थोंगलोच्या पार्ट्यांना जाणाऱ्यांनी नंतर कुरकुरायचं नाही.

गॅलरीतून केळीची बाग दिसते म्हणून भुलू नका. २०२० पासून इथे जमिनीवर नवा कर लागू झाला. मोकळ्या जमिनीला जास्त दर, शेतीच्या जमिनीला कमी. तेव्हापासून शहराच्या मध्यात कोट्यवधी बाटच्या प्लॉटवर केळी आणि लिंबं उगवली. ती बाग नव्हे, पुढच्या कॉन्डोची प्रतीक्षायादी आहे. ज्या दिवशी खांब ठोकायला सुरुवात होईल, त्या दिवसापासून दोन वर्षं दुपारची झोप विसरा.

तिसाव्या मजल्याचा हट्ट २८ मार्च २०२५ नंतर जरा कमी झालाय. म्यानमारच्या भूकंपाने इथले उंच मनोरे बोटीसारखे डोलले, छतावरच्या तलावांचं पाणी कडेवरून खाली सांडलं. आता घर बघताना मी पलंगामागची भिंतही बघते. नवा रंग फक्त तिथेच असेल तर खाली तडा झाकलाय का, ते विचारते.

दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही इथली रीत. करारात बदलीचं कलम घालून घ्या, म्हणजे बदली झाली तर मुदतीआधी घर सोडता येतं; एजंटला डिप्लोमॅटिक क्लॉज म्हटलं की कळतं. चावी हातात आल्यावर आधी दूध उतू घालू नका, आधी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. आणि टीएम३० ही परदेशी भाडेकरूची इमिग्रेशनला द्यायची नोंद मालकाने २४ तासांत करायची असते. "बघू नंतर" म्हणणारा मालक मी घेत नाही, कारण व्हिसा वाढवताना खेटे आपल्यालाच पडतात.

कोरड्या दिवसांत घर बघणं

जानेवारीत बँकॉक देखणं असतं. पाणी कुठे तुंबतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कळतं, आणि ते भागाच्या श्रीमंतीवर ठरत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर वर आहे. लाखभर भाड्याच्या इमारतीसमोरही तळं साचतं. एजंटला विचारून उपयोग नाही, त्याला पाऊस कधी दिसलेलाच नसतो. मी दुकानांचे उंबरे बघते. ओळीने सगळ्यांनी सिमेंटचा एकेक जादा उंचवटा बांधला असेल तर तो हौसेने बांधलेला नसतो. मग सोईच्या तोंडाशी बसलेल्या विनवाल्यांकडे जाते आणि माझ्या मोडक्या थाईत विचारते, "नाम थुअम माय?" पाणी तुंबतं का?

मागच्या डिसेंबरात एका कुटुंबासाठी घर बघायला गेले होते. सुंदर सोई, दोन्ही बाजूंना चाफा, आमच्या हातात मालकाने दिलेली चावी. विनवाल्याने बसल्या बसल्या हसत हात पोटरीशी धरला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने तो हात पकडून गुडघ्याच्या वर नेला आणि दोघांची जुंपली. मी एजंटला फोन लावला आणि चावी घेऊन जायला सांगितलं.